शेळकीमाळचा न भिजणारा दगड

दगड दोन जातीचे असतात, पाणी पिणारे आणि न पिणारे. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सरकारने त्यासाठी एक खातं काढलेलं आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर या खात्याने सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दगडांची तपासणी हाती घेतली. तत्त्व सोपं होतं. खडक पाणी पीत असेल तर गावाला पाझर तलाव द्यायचा, म्हणजे पाणी आत मुरून खालच्या विहिरींना जातं. पीत नसेल तर साठवण तलाव द्यायचा, म्हणजे पाणी वरच राहतं आणि पाहुण्यांना दाखवता येतं.

सांगोल्याकडच्या शेळकीमाळला नमुना आणायला ओव्हरसियर चनमल्लप्पा गेले. तलावाची जागा गावापासून दोन मैल, आणि वैशाख चालू. चनमल्लप्पांनी एसटीच्या थांब्याशेजारी मारुतीच्या देवळापुढचा एक काळा, गुळगुळीत, हाताला बसणारा दगड उचलला आणि त्याच एसटीने परतले. (दगड शेळकीमाळचाच होता, हे कुणालाही मान्य करावं लागेल.)

सोलापूरला हा दगड सात दिवस बादलीत बुडवून ठेवला. बाहेर काढून तोलला तर वजन गुंजभरही वाढलेलं नाही. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी त्याच्यावरून घरंगळलं. अहवालात निष्कर्ष आला, 'सदर गावचा खडक पाणी पीत नाही.' खाली शेरा होता, 'खडकास करडईच्या तेलाचा वास येतो. खनिज तेलाची शक्यता नाकारता येत नाही.' त्याबद्दल दिल्लीला वेगळं पत्र गेलं. उत्तर यायचं आहे.

शेळकीमाळला साठवण तलाव झाला. चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात तो काठोकाठ भरला आणि चोविसाव्या दिवशी तळाला गेला. त्याच चोवीस दिवसांत अर्ध्या मैलावरची तानाबाईची विहीर, जिच्यात बेडूकसुद्धा नाइलाजाने राहत होता, हात घालून तांब्या भरावा इतकी वर आली.

आता नीट विचार करा. खडक पाणी पीत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे पाणी जमिनीखालून गेलं नाही. उरली वरची वाट. तलावातून गेलेलं पाणी साठ लाख लिटर, म्हणजे चार लाख घागरी. चोवीस दिवसांत चार लाख, म्हणजे दर पाच सेकंदांना एक (जेवणाची सुट्टी धरलेली नाही). तानाबाई बासष्ट वर्षांची विधवा, घरात दुसरं माणूस नाही, म्हणजे मदतनीस असल्याचा पुरावा नाही. तिला नोटीस गेली की पंधरा दिवसांत पाण्याचा खुलासा करावा, नाहीतर विहिरीला सील लागेल. तिच्याकडे चाळीस मेंढरं होती, आणि पाण्याची दुसरी सोय नव्हती.

चौकशीला खात्याचे मोठे साहेब, शिवयोगी साहेब, स्वतः आले. चनमल्लप्पा दगड घेऊन मागे उभे होते.

तानाबाईने दगड बघितला. "सायेब, ह्यो आमच्या मारुतीम्होरला हाय की. माज्या सासूच्या सासूपासनं बाया ह्येच्यावर तेलाची वाटी वतत्यात. तेल लावल्याल्या केसावर पाणी ठरतं व्हय?"

"तानव्वा, हळू बोल की," चनमल्लप्पा पुटपुटले. "तीन वर्षं राहिल्यात माझ्या पेन्शनला."

"मग माजी मेंढरं तुमच्या हापिसात आणून बांदू?"

शिवयोगी साहेबांनी हे ऐकलं. माणूस दयाळू होता. ते म्हणाले, "बाई, दगडाचा अहवाल वरपर्यंत गेलाय. तो आता परत येत नाही. पण गुन्हा कबूल केलास तर पहिल्या वेळी समज देऊन सोडता येतं. विहिरीला सील लागत नाही."

"म्हंजी मी घागरी व्हायल्या म्हनून लिवायचं?"

"चार लाख."

"चार लाख म्हंजी किती, सायेब?"

"तू वाहिल्यास तेवढ्या."

तानाबाईने मेंढरांकडे बघितलं आणि अंगठा उठवला. फाइल बंद झाली.

पुढच्या वर्षी तलाव पुन्हा भरला, पुन्हा आटला. मागची फाइल बंद असल्यामुळे हा गुन्हाही पहिलाच धरला गेला. तेव्हापासून दर ऑक्टोबरात साहेब येतात, तानाबाई अंगठा देते, मेंढरं पाणी पितात. यंदा ती म्हणाली, "औंदा गुडगं लई दुकत्यात. तीनच लाख लिवा." साहेबांनी माणुसकी म्हणून तीनच लिहिले. उरलेल्या एक लाख घागरी उन्हाने नेल्या, अशी नोंद आहे.

म्हातारीने खोटं लिहून दिलं, असं आता तुम्ही म्हणाल. तुमचा जन्म एक जूनचा, नाही का? शाळेत घालताना मास्तरांनी लिहिला तो. आईला विचारलंत तर ती सांगेल, संक्रांतीला दोन दिवस होते आणि घरात तीळ भाजायला घेतले होते. पण तुम्ही एकतीस मेला रिटायर व्हाल, हार घालून घ्याल, आणि त्या दिवशी तुम्हाला खरोखरच अठ्ठावन्न पूर्ण झाल्यासारखं वाटेल.