फुकटचं वॉफल

लग्नाच्या वाढदिवसाला ऑस्लोला नेतो, असं आस्लाक दर वर्षी म्हणायचा. यंदा त्याने खरंच नेलं. त्याच्या बायकोचं, गुनवोरचं, मागणं एकच होतं, बंदरावर खुर्चीत बसून कोळंबीचा पाव खायचा.

"तिथे खुर्चीचेच पैसे घेतात," आस्लाक म्हणाला. "समुद्र उभ्यानेही दिसतो की!" आणि त्याने घरून आणलेला डबा उघडला. पाव आणि तपकिरी चीज.

ऑपेरा हाउसच्या उतरत्या छपरावर चढून झालं, पुतळ्यांची बाग झाली. सगळं फुकट, त्यामुळे स्वारी खुशीत होती. एवढ्यात एका इमारतीच्या अंगणातून वॉफलचा वास आला. फाटकावर कागद होता. त्यातला 'मोफत' हा शब्द आस्लाकला लांबूनच दिसला.

"चल गं! म्हणे ऑस्लो महाग!"

दुसरं वॉफल तोंडात असतानाच हातमोजे घातलेली एक बाई पुढे आली. "तिसऱ्या मजल्यावरचे नवे ना तुम्ही? बरं झालं आलात!" तिने त्याच्या हातात दाताळं दिलं.

दुग्नाद होता! थंडी सरली की सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून अंगण साफ करायचं. नॉर्वेतला माणूस एक वेळ बायकोला नाही म्हणेल, दुग्नादला म्हणणार नाही. आणि आम्ही इथले नव्हेच, हे तोंडातल्या घासासकट सांगायचं कसं? आस्लाकने पालापाचोळा ओढला.

"हात चांगला चालतो हो तुमचा!" बाई म्हणाली, आणि वाळूची पोतीही त्याच्याकडेच आली. गुनवोर उन्हात बसून कुंड्यांत फुलं लावत होती.

शेवटच्या पोत्याला आस्लाकची पाठ धरली. स्टेशनची वाट बंदरावरून. बाकांवर ऊन खाणाऱ्यांची ही गर्दी! रिकामी होती ती फक्त हॉटेलची खुर्ची.

"पैसे घेतात हं," गुनवोर म्हणाली.

"घेऊ देत! बसव मला आधी!"

कोळंबीचा ढीग घातलेले पाव आले. आस्लाक कण्हत कण्हत का होईना, पण चवीने खात होता. मध्येच तो थांबला.

"फाटकावरचा तो कागद तू वाचला होतास?"

"सगळा. 'दुग्नादला या, काम करणाऱ्यांना वॉफल मोफत.'"

"मग मला अडवलं का नाहीस?"

गुनवोरने कोळंबीवर लिंबू पिळलं.

"मला खुर्चीत बसायचं होतं ना. आणि तुझी पाठ मी ओळखून आहे."