लांब हाक, तुटक हाक

"शनिवारी तोंडी परीक्षा. इंग्रजी शब्दातला शॉर्ट साउंड कुठला, लाँग कुठला हे ओळखता आलं नाही, तर सृष्टीला परत बालवाडीच्या मोठ्या गटात बसवू," असं प्रांजल मॅडमनी सुनावलं, तेव्हा गुंडा विट्याच्या त्या इंग्रजी शाळेत, पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता. पोराला शिकवता आलं नाही की या शाळा बापाला बाकावर बसवतात. त्यांना लाज म्हणून नाही.

घरी त्याची बायको क्रांती फणकारली, "आवं, तुमी काय शिकवणार? तुमची साळा मेंढरामागं झाली."

"मग तेच शिकवतो की."

आटपाडीच्या माळावर वाढलेल्या गुंडानं लेकीला समोर घेतलं. "हे बघ बाय. तुटक ‘हिक्’ म्हटलं की मेंढरू जाग्याला थांबतंय. लांब ‘हीऽऽऽ’ म्हटलं की चालून येतंय. शब्द ऐकला की डोळं झाक आन् मेंढरू बघ. थांबलं तर शॉर्ट, आलं तर लाँग."

"मेंढराला इंग्रजी येतंय, आप्पा?"

"त्येला हाक कळती. तेवढं बास हाय."

दोन दिवसांत सृष्टी चुकेनाशी झाली. नुसतं तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण तिनं डब्याच्या सुट्टीत आख्ख्या वर्गाला ती विद्या वाटली.

शनिवारी परीक्षा मैदानात, लिंबाखाली. आईबाप फाटकाशी. मॅडम कागद लावेपर्यंत पोरांनी उजळणी म्हणून एकदम गळा काढला, "हीऽऽऽ!"

नेमका त्याच वेळी रस्त्यानं आटपाडीकडचा कळप चालला होता. दोनशे मेंढरांनी माना वळवल्या आणि फाटकातून आत घुसली. मागं धनगर बोंबलतोय, "आरं, कोण बोलवतंय माज्या मेंढरास्नी?"

"स्टॉप! स्टॉप!" मॅडम खुर्चीवर चढल्या. मेंढरांनी मार्कांचे तक्ते खायला घेतले. हेडसर हंबीरराव "गो! गो!" करत शिट्टी फुंकत होते. एका एडक्यानं त्यांना लिंबाला रेटून धरलं.

तेवढ्यात सृष्टी पुढं झाली. "हिक्!"

दोनशे मेंढरं उभी. उचललेला खूर हवेतच. मैदानात पानसुद्धा हलेना.  गुंडाच्या स्वतःच्या हाकेवर एवढी मेंढरं कधी अशी थिजली नव्हती. धनगरानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. "कुनाची रं ही पोर?"

 गुंडानं नुसतं आपल्या छातीवर बोट ठेवलं.

"परीक्षा घ्या मॅडम, इथंच," लिंबाला चिकटलेले हेडसर कुजबुजले.

खुर्चीवरूनच मॅडम म्हणाल्या, "सृष्टी, शब्द आहे, सिट. बसायची जागा असते ती."

सृष्टीनं मेंढरांकडं बघितलं. एक हललं नाही. "शॉर्ट."

"चूक! लाँग आहे तो!"

"मग मेंढरं का न्हाईत आली?"

हेडसरांनी मॅडमकडं पाहिलं. मग घसा खाकरून, हळूच, स्वतःच म्हणून बघितलं, "सीऽऽट."

चारशे कान टवकारले. आख्खा कळप दोन पावलं पुढं आला आणि सरांच्या पायाशी थांबला.

सरांनी शिट्टी खिशात टाकली. मग अदबीनं म्हणाले, "पास."

नापास कोण, ते कोणी विचारलं नाही. मॅडम मात्र खुर्चीवरून उतरल्या आणि सृष्टीच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "परत सांग गं बाई. सावकाश."