दगडूअण्णा आणि उडती मढी

माझ्या लग्नात दगडूअण्णा स्टेजवर आले, माझा हात हातात घेतला, अंगठ्याने मनगट दोनदा दाबून पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "गोल्टा हाय, पर टिकंल."

सासरे घोडेगावचे, आयुष्यभर कचेरीत खुर्चीवर बसलेले. त्यांना काही उमगलं नाही, ते नुसते हात जोडून हसले. मी मात्र मनातून खूश झालो. 'टिकंल' हा शब्द अण्णांच्या तोंडून आमच्या ओतूरमध्ये फार थोड्या लोकांच्या वाट्याला आलाय.

अण्णा कांदा निवडतात. चाळीसेक वर्षं एकाच शेठकडे, एकाच पत्र्याच्या शेडमध्ये. मोठा, गोल, घट्ट कांदा तो गोळा. मधला तो गोल्टा. बारकी ती गोल्टी. आणि जोडकांदा, काजळी धरलेला, कोंब फुटलेला, म्हणजे जो पिशवीत भरायचाच नाही, तो बदला. अण्णा पिशवीत कोपरापर्यंत हात घालतात, आभाळाकडे बघतात आणि प्रत सांगतात. शेठचे पणजोबा मारवाडातून आले, पण शेठ मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. ते म्हणतात, "अण्णांचा हात आणि माझे डोळे यांचं जुळलं नाही, तर मी चष्मा बदलून आणतो."

अडचण एवढीच, की शेडमधून बाहेर पडल्यावरही अण्णांचा हात थांबत नाही. कीर्तन झालं की बुवांच्या पाया पडतात आणि मागे येऊन सांगतात, "आवाज गोळा, पर इचार जोडकांदा. एकाच तोंडानं दोन बोलतोय." एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली, तर यांनी डॉक्टरांची बघितली. माझं मोबाईल-रिचार्ज आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान एसटी स्टँडच्या समोर आहे. त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी गोल्टी ठरवलं आणि आजतागायत बढती दिलेली नाही.

असा हा माणूस दिवाळीनंतर एके दिवशी दुकानात आला आणि म्हणाला, "राव, ते उडत्या मढ्यांचं माझ्या टीव्हीवर लावून दे."

मला क्षणभर काही सुधरेना. मग आठवलं. चार दिवसांपूर्वी अण्णा बायकोला, म्हणजे हौसाकाकूंना, दवाखान्यात घेऊन चालले होते, आणि उन्हाचं म्हणून पाच मिनिटं माझ्याकडे टेकले होते. काकू हल्ली घराबाहेर फारशा दिसत नसत. कुणी विचारलं की अण्णा "गुडघं" एवढंच बोलून विषय मिटवायचे. दुकानातल्या टीव्हीवर तेव्हा माझी लाडकी मालिका चालू होती. काकू खुर्चीत बसून बघत होत्या. एक मढं उडता उडता विजेच्या खांबाला धडकलं, तशा त्या खुदकन हसल्या होत्या. अण्णा दाराशी उभे होते.

मालिका अशी. चारच भागांची, सगळी चित्रांची, म्हणजे ॲनिमेशन. जगाला वाचवणारे महावीर असतात, कुणी उडणारा, कुणी विजा पाडणारा. एक रोग येतो आणि हे महावीरच चालती-फिरती मढी होतात, झोंबी. ज्यांनी लोकांना वाचवायचं तेच लोकांच्या मागे लागतात. त्यात एक जोडपं आहे. निळा झगा पाठीवर सोडलेला नवरा, हातातून वीज सोडणारा, तो मढं झालेला. पिवळ्या झग्याची बायको शाबूत. ती त्याला एका बर्फाच्या ट्रकमध्ये कोंडून गावोगाव हिंडते, कुठे औषध मिळतं का बघत. अण्णा त्या झग्यांना उपरणं म्हणत.

"हिंदीत आहे अण्णा, चालेल?"

"मढ्यांना कसली आलीय भाषा. लाव."

मी संध्याकाळी जाऊन लावून दिलं. दुसऱ्या दिवशी अण्णा निवड झाली की थेट दुकानात. मागून शेठही चहा घेऊन आले, कारण अण्णांनी शेडमध्ये जाहीर केलं होतं की आज नव्या मालाची प्रत सांगणार. मी तर वाटच बघत होतो. या विषयावर बोलायला ओतूरमध्ये मला कुणी मिळत नाही. बायको म्हणते, तुम्ही तेवढं सोडून काहीही बोला.

"रंग एक नंबर," अण्णा म्हणाले. "उपरण्याला काय पत्ती हाय राव, कांद्याच्या वरच्या सालीवानी. कुठं डाग न्हाई."

"आणि गोष्ट?"

"चार भागात आटपत्यात, ह्यो लई मोठा गुण. आपल्या मालिकंत चार भागात सासू नुसती मान वळवून बघती." मग मांडीवर थाप मारून दोषांवर आले. "पर मला सांग, ह्यांना उडता येतंय ना? मंग खाली कशाला उतरत्यात? आपल्याकडं बिबट्या हिंडतोय, तर शेंबडं पोरबी बॅटरी न् काठी घेतल्याबिगर उसाकडं जात न्हाई. अन् ह्यांच्याकडं एवढी मढी सुटली, तर दारं सताड उघडी."

"अण्णा, ती कल्पना असते."

"कल्पनेला कडी नसती व्हय?"

शेठच्या हातातला चहा सांडला.

दुसऱ्या भागानंतर अण्णा म्हणाले की माल मिक्स झालाय. "एका पिशवीत किती भरायचं? तासाभरात पंधरा जणं येत्यात, वळख व्हायच्या आधीच मरत्यात. मंग रडायचं कुणासाठी?" याबाबतीत माझंही तेच मत होतं. आणखी त्यांचं एक निरीक्षण असं, की एवढी माणसं खाऊन एकाही मढ्याचं पोट सुटलेलं नाही. हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बाजारात बातमी पसरायला किती वेळ लागतो. दगडूअण्णा उतारवयात कार्टून बघतो, हे आठवडाभरात ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत पोचलं. कुणी त्यांच्या खांद्यावर पंचा टाकून "उडा अण्णा" म्हणायचं, कुणी खाऊची पुडी आणून द्यायचं. अण्णा पुडी घ्यायचे, दाबून बघायचे, "गोल्टी" म्हणायचे आणि खिशात टाकायचे. "मला आवडतं बाबा ते," असं ज्याला त्याला सांगायचे, न विचारताही सांगायचे. मीही त्या हसण्यात सामील होतो. खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. प्रत कसलीही ठरवून झाली की जाता जाता ते एकच विचारायचे.

"त्या निळ्या उपरण्याला औषध घावतं का रं शेवटी?"

"आधीच सांगितलं तर मजा जाईल, अण्णा."

"मजा जाऊ दे. घावतं का न्हाई तेवढं सांग."

मी सांगितलं नाही. सगळ्या मालिकेत त्यांचा जीव तेवढ्याच गोष्टीवर अडकला होता, ते मला दिसत होतं. मला वाटलं, चला, म्हातारा गोष्टीत चांगला गुंतलाय. म्हणून तर मी जास्तच ताणून धरलं.

तिसऱ्या भागानंतर मी मला खटकलेला एक दोष त्यांच्यापुढे ठेवला. त्या निळ्या झग्याला विजा कशा पाडायच्या ते बरोबर आठवतं, पण समोरची बायको ओळखू येत नाही. हे कसं काय? लिहिणाऱ्याची सरळ चूक आहे, असं मी म्हणालो.

मला वाटलं, अण्णा उचलून धरतील. ते काउंटरवरची धूळ बोटाने गोळा करत बसले.

"न्हाई," म्हणाले. "ती चूक न्हाई. हातांना याद राहती. त्या सबंद मालात तेवढंच एक खरं हाय."

आणि त्या दिवशी चहा न घेता गेले.

चौथा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते दारातूनच बोलले. "बदला. शेवट बदला हाय. टाकून द्या."

शेवट सांगायलाच हवा. औषध सापडत नाही. एका गावाच्या वेशीवर पिवळ्या झग्याची बाई ट्रकचं दार उघडते, नवऱ्याकडे बघते, आणि गाव वाचावं म्हणून स्वतःच्या हाताने त्याला संपवते. माझ्या मते सबंध मालिकेत एवढं धाडसाचं दुसरं काही नाही. मी ते पाचदा बघितलंय आणि पाचही वेळा रडलोय. त्यामुळे मी चवताळलो. शेठ होते, आणखी दोघं-तिघं रिचार्जला आलेले होते, मला चेव चढला.

"अण्णा, तोच तर एक नंबर गोळा आहे. नवरा कुठे उरला होता तो? जो बायकोला ओळखत नाही, त्याच्यात माणूस राहिलाच नाही. तिने सोडवलं त्याला."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या पलीकडे काहीतरी असल्यासारखं.

"ती वळखती ना त्याला," ते म्हणाले. "मंग झालं की."

एवढं बोलून निघून गेले. मागे कुणीतरी म्हणालं, अण्णा लई मनाला लावून घेतात राव कार्टून. सगळे हसले.

नंतर आठ दिवस अण्णा फिरकले नाहीत. शेठ म्हणाले, "सकाळची निवड करतात आणि दुपारी घरी जातात. कोंब फुटलेले कांदे तेवढे पिशवीत घालून नेतात. कशाला नेतात, विचारायचा धीर होत नाही." मला चुकल्यासारखं होत होतं. एका चित्रातल्या मढ्यावरून चाळीस वर्षं राबलेल्या माणसाला चारचौघांत आडवं बोललो. एका दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांच्या घरी गेलो.

ओट्यावर रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकात कांद्याची पात वाढलेली होती. शेडमधला बदला इथे येत होता तर. दार लोटलेलं होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, आणि त्याच्यावरून अण्णांचा. पण अण्णा दोन आवाजांत बोलत होते.

बारीक आवाजात, "आवं, उतरा खाली. घर आलं."

जाड आवाजात, "कोन गं तू?"

पुन्हा बारीक, "कोन का असंना. आदी चार घास खाऊन घ्या."

मी दार जरासं ढकललं. काकू गॅसपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि टीव्हीकडे बघत होत्या. हात आपले चालले होते, परातीकडे नजरसुद्धा नव्हती, आणि ताटात एकावर एक पाच भाकरी, पाची एका मापाच्या. टीव्हीवर चौथा भाग चालू होता. हिंदी बंद नव्हतं, पण अण्णांनी आवाज बारीक ठेवून सगळं स्वतःच बोलायचं चालवलं होतं. ट्रकचं दार उघडलं. मला पुढचं पाठ होतं.

तेवढ्यात अण्णा उठले आणि टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. टीव्हीखालचं डबडं सरळ करायच्या निमित्ताने त्यांनी सबंध चित्र पाठीने झाकलं, आणि काकूंकडे तोंड करून बोलायला लागले. औषध घावलं. डाक्टर आला, सुई टोचली, निळ्या उपरण्याने डोळे उघडले. ते वाईट दृश्य दीड मिनिटाचं आहे. अण्णा बरोबर तेवढा वेळ तिथे उभे राहिले आणि नावांची पाटी सुरू झाल्यावर बाजूला झाले. त्यांनी ते किती वेळा केलं असेल, मला ठाऊक नाही.

"मंग वळखलं का त्यानं तिला?" काकूंनी विचारलं.

"वळखलं की. जरा टाईम लागला."

काकू हसल्या, दुकानात हसल्या होत्या तशाच.

मला सगळं एकदम कळलं आणि भयंकर लाज वाटली. गुडघे नव्हतेच. कार्टून अण्णांना आवडत नव्हतं, काकूंना आवडत होतं. उद्या बाजारात कुणी म्हणालं असतं की हौसाकाकूंना भ्रम झालाय, लहान पोरांसारख्या चित्रं बघत बसतात, तर ते अण्णांना ऐकवलं नसतं. म्हणून त्यांनी खांद्यावरचा पंचा आणि खाऊच्या पुड्या स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या. आणि त्या माणसाला मी दुकानात उभं करून सांगितलं होतं, की जो ओळखत नाही त्याच्यात माणूस राहिलेला नसतो.

अण्णांनी मला बघितलं. रागावले नाहीत.

"अण्णा, मी चुकलो," मी म्हणालो. "तुमचा शेवट गोळा आहे."

"बस," ते म्हणाले. "बाजारात बोलू नको मंजी झालं."

मी हे त्यांना विचारून लिहितो आहे. आता काकूंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि अण्णांचंही म्हणणं पडलं की लिही, फक्त गोल्टी लिहू नको.

त्या दुपारी काकूंनी दोन ताटं वाढली. भाकरी, पिठलं, वर डब्यातली ताजी पात. एक माझ्यापुढे सरकवलं आणि एक अण्णांपुढे. मग पदराला हात पुसत अण्णांकडे निरखून बघायला लागल्या.

"पावणं," त्या म्हणाल्या, "तुमी कुठल्या गावचं?"

"हितलाच हाय."

"मानूस बरं दिसतंय. जेवल्याबिगर जाऊ नका."

"न्हाई जात."

अण्णांनी भाकरीचा पापुद्रा काढला आणि सवयीने अंगठ्याने दाबून बघितला. प्रत मात्र सांगितली नाही. आम्ही दोघं पाहुणे शेजारी शेजारी बसून जेवलो. मी निघालो तेव्हा काकू आम्हा दोघांनाही दारापर्यंत सोडायला आल्या.

"येत जावा अधनंमधनं," त्या अण्णांना म्हणाल्या.

"येतो की," अण्णा म्हणाले. "रोज येतो."