लेकीचा फॉर्म सी

सहा वर्षांनी माहेरी आलेली उत्कर्षा दारात उभी होती, आणि तिचे वडील तिला आत घेत नव्हते. मारोतराव निखाडे उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर रजिस्टर, हातात पेन, कपाळावर आठ्या.

"बाबा, आत येऊ का?"

"थांब. भिंतीवरचं घड्याळ आठ बेचाळीस दाखवून राहिलं, पण ते दोन मिनिटं पुढे हाय. म्हणजे खरे आठ चाळीस. चुकीची नोंद नाही पाह्यजे."

"मग लिहा ना आठ चाळीस."

"तुह्याशी बोलता बोलता एक्केचाळीस झाले."

मागे रत्नमालाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळल्या होत्या. त्यांचा संयम तिथेच संपला. "अहो, पोट्टी दोन विमानं बदलून मेलबर्नहून आली, आन तुमी तिले गेटवर उभी केली! सरका तिकडे. मले ओवाळू द्या."

आता यात मारोतरावांचा तरी काय दोष? बत्तीस वर्षं त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या गेट पास विभागात काढली होती. एकदा जनरल मॅनेजरच्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी भर उन्हात पाऊण तास उभं ठेवलं होतं, आणि ही हकिकत ते अजूनही लग्नाच्या पंगतीत भात येईपर्यंत सांगत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण ती पासची खिडकी काही डोक्यातून गेली नव्हती.

शिवाय या वेळी प्रकरण खरोखरच नियमाचं होतं. उत्कर्षाने गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं होतं. परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डाचा अर्ज अजून वाटेत होता, म्हणून ती ई-व्हिसावर तीन आठवड्यांसाठी आली होती. मारोतरावांनी महिनाभर चष्मा लावून नियम वाचून काढले होते. परदेशी नागरिकाला घरी ठेवणाऱ्याने चोवीस तासांत फॉर्म सी भरून कळवायचं. म्हणजे उद्या सकाळी आठ एक्केचाळीसच्या आत.

"माह्या घरी कोण परदेशी आलं?" रत्नमालाबाईंनी अंगणभर नजर फिरवली.

"हे काय, ही."

"ही? सेक्टर नऊच्या दवाखान्यात झाली ही! तिले परदेशी म्हणताना जीभ कशी नाही अडखळून राहिली तुमची?"

"मी नाही म्हणत. पासपोर्ट म्हणते."

तर्री पोह्यांच्या बशा समोर आल्या तरी मारोतरावांचा फॉर्म काही बाजूला होईना. आधी कागदावर कच्चा, मग कॉम्प्युटरवर पक्का, अशी त्यांची पद्धत.

"या पत्त्यावर आगमनाची तारीख," त्यांनी मोठ्याने वाचलं.

"एकोणनव्वद साल," रत्नमालाबाई ताडकन म्हणाल्या. "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आणली हिले घरी. गल्लीत पोट्टे लाकडी बैल घेऊन फिरून राहिले होते. लिवा."

"असं नसते लिवत. येण्याचं कारण... पर्यटन."

"पर्यटन! या घरात पाह्यासारखं काय हाय? तुमीच तेवढे."

उत्कर्षाला पोह्याचा ठसका लागला. मारोतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "पासपोर्ट दे."

"आईकडे आहे."

पासपोर्ट देवघरात होता. रत्नमालाबाईंनी तो गणपती आणि अन्नपूर्णा यांच्यामध्ये ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, वर एक झेंडूचं फूलही. मारोतराव उचलायला वाकले, तर त्या आडव्या आल्या.

"देवापुढची वस्तू दिवा लागेपर्यंत उचलत नसतेत. नियम हाय."

"कोणता नियम? कुठं लिवला?"

"तुमचे नियम लिवलेले, माह्ये तोंडी. पोरगी सुखरूप आली म्हून ठेवला. संध्याकाळी दिवा लागन, मंग घ्या. आन माह्या पोरीले परदेशी लिवाची एवढी घाई कायले?"

मारोतरावांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच समोरून नियमाची भिंत लागली. तेवढ्यात उत्कर्षाने काडेपेटी उचलली आणि भर अकरा वाजता समई लावली.

"लागला दिवा, आई."

रत्नमालाबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, जणू फितुरी म्हणतात ती हीच. पण पासपोर्ट सोडला.

सेक्टरच्या मार्केटात ओमप्रकाशचं चॉइस सेंटर होतं. जातीच्या दाखल्यापासून गॅसच्या नोंदणीपर्यंत भिलाईचे निम्मे फॉर्म तोच भरायचा. त्याने वेबसाइट उघडली आणि मान हलवली.

"काका, फॉरेनर का बाद में होगा. पहले जिसके घर ठहरी है, उसका रजिस्ट्रेशन. उसको दुर्ग के जिला दफ्तर से मंजुरी लगेगी. घर का कागज है?"

"हाय म्हणजे?" मारोतरावांनी बावीस कप्प्यांची फाइल उघडली. "तिसरा कप्पा, दुसरा कागद." खरंच, न पाहता त्यांनी तो काढून दिला. राहतं क्वार्टर कारखान्याचं, निवृत्तीनंतर त्यांनी ते लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, आपल्याकडे ठेवलं होतं, त्याचाच तो कागद. ओमप्रकाशने स्कॅन करून चढवला. "अब दुर्ग जाके मॅडम से मिल लो, आज ही हो जाएगा."

स्कूटर उत्कर्षा चालवणार होती, पण तिच्या इथल्या लायसन्सची मुदत संपली होती, हे मारोतरावांच्या लक्षात आलं आणि त्यांनी किल्ली परत घेतली. मग ते स्वतः तासाला तीस किलोमीटरच्या वेगाने निघाले. मागे उत्कर्षा, तिच्या मांडीवर फाइल. बारावीच्या शिकवणीला ती अशीच बसून जायची.

"बाबा, इतकं टेन्शन कायले घेता? थोडा उशीर झाला तर काय होणार?"

सिग्नलला थांबल्यावर मारोतराव पुढे बघतच म्हणाले, "पुढच्या बारीले तू व्हिसा मागशीन, आन कोणी म्हणन का मागच्या टायमाले तुही नोंदच नव्हती. नाही देला तर? सहा वर्षं तुह्या आईनं कशी काढली, मी पाह्यलं. मले बी काही सोपी नाही गेली. तुह्या येण्यात एक कागद आडवा नाही पाह्यजे. बस."

उत्कर्षाने फाइल घट्ट धरली. सिग्नल हिरवा झाला तरी स्कूटर हलेना, कारण मारोतराव चष्मा पुसत होते. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला, तेव्हा निघाले.

दुर्गला परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं टेबल संघमित्रा मॅडमकडे होतं. मॅडम नागपूरच्या निघाल्या, त्यामुळे मारोतरावांना हुरूप आला. मॅडमनी पासपोर्ट उघडला, तर टेबलावर कुंकू सांडलं.

"पासपोर्टची पूजा केली का काका?"

"हिच्या आईनं."

"चांगलं केलं." त्यांनी एकेक रकाना तपासला. "व्हिसा बरोबर. फोटो बरोबर. मुक्काम बरोबर. काका, हाताने केलेला कच्चा फॉर्म इतका सुरेख मी आजवर पाह्यला नाही."

मारोतरावांची छाती शर्टाच्या गुंड्यांना जड झाली. ते गेट पास विभागाची बत्तीस वर्षं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात मॅडम थबकल्या.

"फक्त हा क्वार्टरचा कागद. याची मुदत तर चौदा महिन्यांआधीच संपली."

"शक्यच नाही. मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणाचा अर्ज केला मी."

"पोच दाखवा."

"सातवा कप्पा," मारोतराव ऐटीत म्हणाले.

सातव्या कप्प्यात अर्ज होता. सुवाच्य अक्षर, खाली सही, मागे जोडपत्रांची यादी, यादीत प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. त्याच्या मागे अर्जाची दुसरी प्रत. मॅडमनी दोन्ही प्रती उलटसुलट करून पाहिल्या.

"काका, कार्यालयाची प्रत बी तुमच्यापाशीच हाय."

मारोतरावांनी अर्ज लिहिला होता, तपासला होता, नोंदवला होता आणि इतका नीट लावून ठेवला होता, की तो कुठेतरी नेऊन द्यायचा असतो, एवढंच राहून गेलं होतं.

"म्हणजे मॅडम," उत्कर्षा हळूच म्हणाली, "मी तीन आठवडे त्या घरात राहिले तर चालेल, पण बाबा..."

"बाबा चौदा महिन्यांपासून बिनापासचे राहून राहिले," मॅडम म्हणाल्या, आणि हसू दाबायला त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. "अर्ज आज देऊन टाका काका. शिक्क्याची पोच आणली का मी मंजुरी देते. पण घराचा मेळ लागल्याशिवाय पाहुणीची नोंद नाही होत."

मारोतराव उठले. चेहरा पांढराफटक, पण पाय ताठ. आपल्याच कागदापायी लेकीचं अडावं, यापेक्षा मोठी नामुष्की त्यांना ठाऊक नव्हती. "क्वार्टरच्या दफ्तराचं काउंटर पाचले बंद होते. आता अडीच झाले," ते म्हणाले. "चाल."

या खेपेला स्कूटर चाळीसवर गेली.

भिलाईत कारखान्याच्या क्वार्टरांच्या दफ्तरात रांग संपून नंबर येईपर्यंत चार वीस झाले. काउंटरवर भूपेंद्र नावाचा बाबू होता. त्याने अर्ज पाहिला, मारोतरावांकडे पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला.

"काका, फोटोत मिशी हाय."

"काढली मी. मागच्या वर्षी."

"मंग वळखावं कसं? फोटोतला माणूस वेगळा, समोरचा माणूस वेगळा." भूपेंद्र खुर्चीत मागे रेलला. "वळखलं का मले? कारखान्यात माह्या नोकरीचा पहिला दिवस होता. पासावर चष्म्याचा फोटो, आन मी चष्मा घरी इसरलो. तुमी म्हणले, चष्म्याशिवाय हा माणूस तो नाही. चरोद्याले घरी जाऊन चष्मा घेऊन आलो. पहिल्याच दिवशी लेट लागला मले."

मारोतरावांना तो आठवत नव्हता. असे पुष्कळ होते. पण त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. नवा फोटो पाह्यजे." आणि वळून चालू पडले.

"अहो काका! मस्करी करून राहिलो होतो मी! थांबा ना!" भूपेंद्र काउंटरवरून अर्धा बाहेर आला. पण मारोतराव केव्हाच जिन्याखाली पोचले होते आणि स्कूटरला किक मारत होते.

उत्कर्षा कपाळाला हात लावून बाकावर बसली. भूपेंद्र शिक्का हातात घेऊन उभाच राहिला. चार पंचावन्नला मारोतराव धापा टाकत परत आले. फोटो अजून ओला होता आणि त्यात घाम आलेला, केस उडालेला, बिनमिशीचा एक करारी माणूस होता.

"आता वळखू येतो का?"

"पक्के येता," भूपेंद्र म्हणाला आणि त्याने दोन्ही प्रतींवर शिक्का असा हाणला, की शेजारचा बाबू दचकला. "बसा काका, पाणी घ्या." मारोतरावांनी आधी शिक्क्यावरची तारीख तपासली आणि मगच पाणी घेतलं.

तिथून ओमप्रकाशकडे. पोच चढवली, मॅडमची मंजुरी आली, फॉर्म सी दाखल झाला. प्रिंट बाहेर आली तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. चोवीस तासांतले साडेचौदा तास शिल्लक होते. मारोतरावांनी प्रिंट दोनदा वाचली आणि उत्कर्षाच्या हातात दिली. "ठेव जपून. आता पुढच्या बारीले कोणी काही म्हणत नाही तुले." त्यांचा आवाज जरा बसला होता. दिवसभर उन्हात हिंडल्यामुळे, असं त्यांनी सांगितलं. महिना जानेवारीचा होता.

घरी आले तर रत्नमालाबाई उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर रजिस्टर, हातात पेन. उत्कर्षाने फोनवरून दिवसभराची बित्तंबातमी त्यांना केव्हाच पोचवली होती.

"तू जा आत," त्या लेकीला म्हणाल्या. "तुही नोंद झाली." आणि मारोतराव मागोमाग निघाले, तसा त्यांनी हात आडवा धरला. "नाव?"

"रत्नमाला, आता थट्टा नको. थकलो मी."

"नाव."

"मारोतराव निखाडे."

"या पत्त्यावर राह्याचा कागद?"

मारोतरावांनी मुकाट्याने पोच काढून दिली. रत्नमालाबाईंनी ती उजेडात धरली, शिक्का वाचला, मागची बाजूही पाहिली.

"कोणाले भेटाचं हाय?"

"माह्या पोरीले."

"संबंध?"

"बाप," मारोतराव म्हणाले.

रत्नमालाबाईंचं पेन क्षणभर थांबलं. आतून उत्कर्षाने हाक मारली, "आई, घे ना त्यांना आत!" रत्नमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला, भिंतीवर पाहिलं आणि लिहायला वाकल्या.

"आगमन, सहा बत्तीस."

"ते घड्याळ दोन मिनिटं पुढे हाय," मारोतराव म्हणाले. राहवलंच नाही त्यांना.

रत्नमालाबाईंनी पेन बंद केलं.

"मंग दोन मिनिटं बाहेर थांबा."

आणि मनगटावरच्या घड्याळात बघत मारोतराव थांबले.