अनुमोदक कोण?

आमच्या चाळीतला नळ गळू लागला तेव्हा बाकीच्यांनी मालकाला शिव्या दिल्या. खांबेट्यांनी ठराव मांडला. बादली हातात धरून ते म्हणाले, "नळ दुरुस्त व्हावा. सूचक मी. अनुमोदक कोण?"

रांगेत मागे मी होते. "मी. आता सरका, मला शाळेत शिकवायला जायचंय."

खांबेटे डोंबिवलीतच एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. चाळिशी जवळ आली होती, लग्न राहून गेलं होतं, आणि अजून ते विद्यार्थी होते. विद्यार्थी कसले, पुढारी! परीक्षा पास होऊन नोंदणी केल्याशिवाय औषधं बनवता येणार नाहीत असा कायदा आला, तेव्हा त्यांनी औषध-विद्यार्थी मंडळ काढलं. सभासद पाच: कल्याणचे दोघे, ठाकुर्लीचा एक, कोपरीचा एक आणि माझी भाची कुसुम. अध्यक्ष खांबेटे. दर रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत चटईवर सभा भरे. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येई.

"बाटलीवरच्या कागदी पट्टीच्या खाचा सारख्या कापा. म्हातारं माणूस अक्षर वाचत नाही, खाच बघून डोस घेतं."

स्वतःचं औषधांचं दुकान काढायचं, हे त्यांचं स्वप्न. पाटीवरचा मजकूर मंडळाने एकमताने मंजूर केला होता. दुकान तेवढं बाकी होतं.

शिकवण्यात ते वाकबगार, पास होण्यात नव्हेत. दोनदा लेखी परीक्षा पास झाले आणि दोनदा प्रात्यक्षिकातून हाकलले गेले. शेजारच्या टेबलावर कोणी चुकलं की यांना राहवत नसे.

"परीक्षेत बोलायचं नसतं, हे माझ्या पहिलीतल्या पोरींनाही कळतं," मी म्हटलं.

"बाई, तो विषारी औषधाचं वजन चुकत होता. अध्यक्षाने बघत बसायचं?"

"तो तुमच्या मंडळातला होता?"

"नव्हता. पण झाला असता."

तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सांगून टाकलं, "खांबेटे, यंदा शेवटचं. मला नोंदणी झालेलाच माणूस ठेवावा लागेल." बारा वर्षांची नोकरी पणाला लागली होती. परीक्षेच्या दिवशी मी त्यांच्या हातावर एक लवंग ठेवली. "दाढेखाली धरा. बाहेर पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"अनुमोदन," ते म्हणाले. हसले नाहीत.

निकाल लागला. पाचही सभासद पास, अध्यक्ष नापास. "वजन चुकलं," ते सगळ्यांना सांगत सुटले. मीही विश्वास ठेवला.

डॉक्टरांनी त्यांच्या जागी कुसुमला बोलावलं, तर ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"मला नाही जायचं तिथे, आत्या."

"का? एवढी शिकलीस ती कशाला?"

"माझा खल ओला होता. तशीच तेल ओतायला निघाले होते. औषध फाटलंच असतं. ते शेजारच्या टेबलावरून म्हणाले, 'कुसुम, आधी खल पूस.' परीक्षकांनी त्यांना तिथल्या तिथे उठवलं. मला काही बोलले नाहीत. त्यांच्या टेबलावर लवंग पडलेली दिसली मला."

मी तडक पलीकडे गेले. ते कागदाच्या पट्ट्या कापत बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कुसुमने नोकरी घ्यावी. सूचक मी." आणि पट्ट्यांचा गठ्ठा पुढे केला. "तिला द्या. तिची कात्री वाकडी चालते."

मी अनुमोदन दिलं. दारात आलेली नोकरी परत पाठवण्याइतकी मी हळवी नाही.

पोरं आपापल्या कामाला लागली. कुसुमला रविवारीही दवाखाना असे. खांबेटे मानपाड्याकडे एका किराणा दुकानात पुड्या बांधू लागले.

एका रविवारी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "मागच्या सभेचा वृत्तांत." दुसरा आवाज काही येईना. मी जाऊन चटईवर बसले.

"बाई, तुम्ही विद्यार्थी नाही."

"होईन. आजचा विषय काय?"

"अध्यक्षांची निवड."

"खांबेटे. सूचक मी."

"अनुमोदक कोण?" त्यांनी विचारलं. मग उरलेल्या रिकाम्या चटईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. शेवटी वहीत लिहिलं, सभा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब.

"किती वाजता?" मी विचारलं.