फौजीची झूल

"ह्याच्यापरास दोन म्हशी पाळल्या असत्या तर निदान चहाला दूध तरी मिळालं असतं. पाणी तेवढंच पितंय की हे!"

तात्यासो हे अगदी करीमच्या कानाशी पुटपुटले. करीमचं डोकं ट्रकच्या बॉनेटखाली होतं, आणि आत गेलेल्या डोक्याला बाहेरचं ऐकू येत नाही, असा मालकांचा समज होता. करीमनं सगळं ऐकलं आणि रेडिएटरमध्ये आणखी एक घागर रिकामी केली. रेडिएटरनं ती घटाघटा घेतली आणि वर एक गरम ढेकर दिली.

ट्रक लढाईतला होता. खडकीच्या लष्करी लिलावात उचगावच्या तात्यासोंनी तो गूळ वाहायला घेतला आणि करीमनं स्वतः चालवत घरी आणला. येताना खंबाटकीचा घाट चढूनसुद्धा तो इतका निवांत होता की माथ्यावर करीम त्याच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "फौजी, बर्फातनं आलायस व्हय रं?" तेव्हापासून त्याचं नाव फौजी. आजवर करीमनं लोकांच्या बऱ्याच गाड्या चालवल्या होत्या, पण स्वप्नात आली ती ही एकच. रात्री डोळा लागला की पांढरे डोंगर दिसायचे, ढग खाली यायचे आणि त्या ढगांतून फौजी एकटाच, कुणी न चालवता, हळूहळू वर चढत असायचा. सकाळी करीमची बायको खैरुनबी म्हणायची, "झोपंत गिअर टाकत हुता तुम्ही. माझी बांगडी फुटली."

मग दसरा आला.

आक्काताई म्हणजे तात्यासोंची थोरली बहीण. विधवा झाल्यापासून भावाच्या घरात त्यांचाच शब्द चालायचा. ट्रक दारात आला आणि बैलजोडी विकली गेली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. फक्त गोठ्याच्या बाजूची खिडकी उघडणं त्यांनी सोडलं, आणि ताट अर्ध्यावर सारायला लागल्या. एक दिवस त्यांनी ट्रंकेतून बेंदराच्या सणाला बैलांवर घालायच्या झुली काढल्या, उसवल्या, एकात एक जोडल्या, आरसे लावले, कवड्या लावल्या, गोंडे लावले. झूल वाढत गेली तशी त्यांची भाकरीही वाढत गेली. खंडेनवमीला नांगर, कोयता, मोट सगळ्यांची पूजा झाली आणि शेवटी ती झूल फौजीच्या तोंडावर चढली. बॉनेटच्या कडेपासून थेट बंपरपर्यंत. दिव्यांसाठी दोन गोल भोकं ठेवली होती. रेडिएटरसाठी काही ठेवलं नव्हतं, कारण बैलाला रेडिएटर नसतो.

ट्रकच्या तोंडाला जाळी असते, त्या जाळीतून वारा आत जातो आणि इंजिनाचं पाणी गार ठेवतो. करीमला हे माहीत होतं. गाड्या दुरुस्त करणाऱ्या मौलाली मिस्त्रीला माहीत होतं. तात्यासोंनाही माहीत होतं. पण सहा आठवड्यांनी पोटभर जेवायला बसलेल्या बाईला जाऊन सांगायचं कुणी?

"लई देखणी झालीया, आक्का," करीम म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याच दिवशी कावळा नाक्यावर फौजी पहिल्यांदा उकळला.

मग औषधपाणी सुरू झालं. मौलालीनं आधी फॅनबेल्ट बदलला. फौजी उकळला. रेडिएटर काढून सोड्याच्या पाण्यानं धुतला. फौजी उकळला. थर्मोस्टॅट काढून टाकला, पाण्याचा पंप उघडून पुन्हा बसवला, बॉनेट सुतळीनं अर्धवट उघडं बांधलं. प्रत्येक वेळी तो येऊन आधी झुलीचं एक टोक उचलायचा, आत बघायचा, उसासा टाकायचा, टोक अलगद खाली सोडायचा आणि म्हणायचा, "गॅस्केट असंल." बायकांनी झाकण न काढता भात का करपला याची चर्चा करावी, तसं ते चाललं होतं.

शेवटी करीमनं आपल्यापुरती वाट काढली. उचगावची शीव ओलांडली की गाडी बाजूला घ्यायची, झूल सोडून सीटखाली ठेवायची, आणि परतताना पुन्हा बांधायची. उघड्या तोंडाचा फौजी शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेपर्यंत असा जायचा, जणू थंड हवेच्या ठिकाणी फिरायला निघालाय. करीम गुणगुणायचा. उसाची पाती दोन्ही बाजूंनी मान हलवायची, गुऱ्हाळांचा गोड धूर काचेवर येऊन रेंगाळायचा, आणि काही वेळ तरी तो खरंच त्या पांढऱ्या डोंगरात असायचा.

असल्या सुखाला कुणीतरी बघतंच. गावातली बायडाबाई बाजारातून येताना आक्काताईंना सांगून गेली, "तुमचा ट्रक बोडकाच दिसला की नाक्यावर!"

संध्याकाळी आक्काताई दारातच उभ्या. "झूल कुठं गेलती रं?"

करीमची जीभ टाळ्याला चिकटली. मग ती सुटली, आणि नको तिकडं गेली. "वाऱ्यानं उडाली, आक्का. नाड्या ढिल्या पडल्या. मी... मी मागं पळत गेलो. रडूच आलं मला. कशीबशी सापडली बघा, ओढ्याच्या कडंला."

आक्काताई त्याच्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोहाराला बोलावलं, झुलीला चारी बाजूंनी लोखंडी कड्या लावल्या आणि त्या फौजीला पक्क्या ठोकून घेतल्या. "आता वादळ आलं तरी हालायची न्हाई," लोहार म्हणाला. करीम आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

उन्हं तापली तसा फौजी घरासमोरसुद्धा उकळायला लागला. तात्यासोंनी कबनूरच्या भंगारवाल्याला निरोप धाडला. बहिणीला झूल काढ म्हणण्यापेक्षा त्यांना ट्रक विकणं सोपं वाटत होतं.

"उद्या तिरशलाच्या पोराचं बारसं हाय वारणानगरात," ते करीमला म्हणाले. त्रिशला ही त्यांची लेक. जावई तिथं साखर कारखान्यात होता. "पाळणा आनि मानसं घिऊन जायाचं. वाटंत एकदा जरी थांबला, तर परवा कबनूरचा गडी ह्याला घिऊन जाईल. मग मला काय बोलू नगंस."

करीमनं त्या रात्री डोंगर पाहिले नाहीत. नुसतीच उतरण पाहिली.

सकाळी निघाले. पुढे करीमशेजारी आक्काताई आणि तात्यासो. मागे नवा पाळणा, तो धरून बसलेली खैरुनबी, मौलाली आणि चार पाहुणे. पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत फौजी शहाण्यासारखा चालला. नदीवरून गार झुळूक आली. ती झुलीच्या आरशांवर आपटली आणि परत गेली. पुढे काटा लाल रेघेकडे सरकायला लागला तसा करीम सीटवर पुढे सरकत गेला, जणू आपल्या वजनानं काटा मागे ढकलता येतो.

वाठारच्या अलीकडे फौजीनं एक लांब श्वास टाकला आणि उभा राहिला. बॉनेटमधून वाफ उठली. आधी बारीक दोरा, मग लोट, मग सगळा रस्ता पांढरा. त्या वाफेत ऊस दिसेना, माणसं दिसेनात. नुसते घुंगरू लावलेल्या पाळण्याचे वरचे दांडे तरंगत होते, आणि करीमला क्षणभर वाटलं, पोचलो. हेच ते डोंगर. मग तात्यासोंचा आवाज आला.

"पाळणा उतरवा. येणारी एखादी गाडी बघू. झालं ह्याचं."

"पंपाचं सील गेलं असंल," मौलाली थेट झुलीकडे बघत म्हणाला.

खैरुनबी पाळणा सोडून खाली उतरली आणि नवऱ्याच्या कानाशी फिस्कारली, "बोला की आता! का ट्रक गेल्यावर बोलणार?"

"बोलतो, बोलतो."

आक्काताई रस्त्याकडेला मैलाच्या दगडावर बसल्या होत्या. करीम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"आक्का..."

"काय रं?"

"ही झूल..."

"व्हय?"

"...आज लई चकाकतीया."

खैरुनबीनं कपाळावर हात मारून घेतला. मौलाली खाली वाकून टायर बघायला लागला. टायरला काही झालेलं नव्हतं.

आक्काताई उठल्या. सावकाश चालत फौजीसमोर गेल्या आणि झुलीवर तळवा टेकवला. चटका बसला, तरी लगेच काढला नाही. झुलीच्या प्रत्येक आरशात त्यांचा एकेक इवला चेहरा होता आणि प्रत्येकावरून वाफ जात होती.

मग त्या वळल्या.

"करीम, रागाला येऊ नगंस बाबा. दसऱ्यापासनं सांगीन सांगीन म्हणतोय, पर धीर हुईना. रोज सकाळी तू तिच्यावरनं हात फिरवत असतोस, मी बघतो की."

करीम रोज सकाळी हात फिरवायचा तो कुठून तरी वारा जायला फट सापडते का ते बघायला. पण आत्ता त्यानं नुसती मान डोलावली.

"वाऱ्यानं उडाली तवा तू रडलास. म्हटलं, ह्या पोराचा जीव जडलाय झुलीवर, म्हनून तर कड्या ठोकून घेतल्या. तात्या बी गप, मौलाली बी गप. मला वाटलं, ह्यास्नी बी तुझंच मन मोडवत न्हाई." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "पर आता बघवत न्हाई रं. अरं, बैलाची झूल पाठीवर घालत्यात. मी खुळी, ह्येच्या नाकावर घातली. श्वास कोंडतोय त्याचा. काढ ती."