गणपत परबांचं गाऱ्हाणं

"सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही," गणपतराव परब म्हणाले. "अख्ख्या लालबागात कोणाचा बसला नाही. माझाच अजून पुरता बसलेला नाही."

चाळीच्या गॅलरीतल्या बाकावर हेरंब गोखले बसले होते. शेजारच्या खोलीत नव्यानेच भाड्याने आलेले, बँकेतली नोकरी, निवृत्ती तोंडावर. निवृत्तीनंतरचं आयुष्य सुखी आणि सुरक्षित जावं म्हणून काय तयारी करावी, एवढंच त्यांनी सहज विचारलं होतं. आत गणपतरावांच्या पत्नी शेवंतीबाई मसाल्याच्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या. दार उघडंच होतं.

"तयारी आपण नाय करायची, गोखले. ती पोरं करतात. आपण तिच्यातून वाचायचं फक्त."

गणपतराव परळच्या एका छापखान्यातून निवृत्त झाले, त्याच आठवड्यात मुलगा सुशांत आणि सून आकांक्षा ठाण्याहून पेढे घेऊन आले. पेढ्यांमागून लॅपटॉप आला आणि लॅपटॉपवर कोकणातलं गावचं घर आलं. न घसरणाऱ्या लाद्या, न्हाणीघरात धरायला दांडे, व्हरांड्यात झुलती खुर्ची. सगळं तयार. विचारायचं तेवढं राहिलं होतं, तेही त्यांनी विचारलं नाही.

"पप्पा, गावी प्युअर ऑक्सिजन आहे," सुशांत म्हणाला.

"मगे हय इतकी वर्सां मी काय पेट्रोलवर चाललंय?"

"बाबा, तुमच्या सेफ्टीसाठीच सगळं केलंय," आकांक्षा म्हणाली. ती नागपूरची, बोलायला गोड. "घरात कॅमेरे लावलेत. तुम्ही पडलात तर आम्हाला इथे लगेच दिसेल."

"आणि दिसल्यावर काय, फोनमधून हात देशील?"

सुशांतने कौतुकाने कॅमेरा सुरू केला. व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत एक वानर रेलून बसलं होतं. गणपतराव शपथेवर सांगतात, की त्याने पायावर पाय टाकला होता आणि ते समोरच्या माडांकडे बघत जांभया देत होतं.

"बघ झिला," गणपतराव म्हणाले, "एक जण माझ्याआधीच रिटायर होवन पोचलो. जागा भरली. माका आता खय पाठवतंस?"

पण तोंडाने 'नाही' असं काही ते म्हणाले नाहीत. नाही म्हणायला योग्य वेळ यावी लागते, असं त्यांचं मत होतं. ती वेळ येण्याआधी रविवार आला.

निघायच्या आधी देवाला सांगायला नको का, म्हणून चाळीतले सर्वांत वडीलधारे अप्पा गावच्या रवळनाथाच्या तसबिरीपुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण गोखल्यांसाठी गणपतरावांनी समजावलं: गाऱ्हाण्यात एक जण देवाशी बोलतो आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. काय बोलला ते ऐकायची पद्धत नाही.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!" अप्पांनी आवाज लावला.

"व्हय महाराजा!"

"तुझो हो लेकरू गणपत, आजपर्यंत ह्या मुंबैत राबलो..."

"व्हय महाराजा!"

"आता तो मुंबै सोडून कायमचो तुझ्या पायाशी येता हा..."

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज खुद्द गणपतरावांचा होता. 'बा देवा' कानावर पडलं की त्यांचं तोंड उघडतं. डोक्याला कळेपर्यंत काम झालेलं असतं.

त्यानंतर चाळीने वेळ घालवला नाही. भजनी मंडळाने त्यांचा पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर दिला. कॅरमच्या टेबलावर त्यांच्या जागी ज्याला बसवलं, त्याला राणी आणि सोंगटी यांतला फरकही धड कळत नव्हता. येईल तो बॅटरी घेऊन येऊ लागला, कोणी साप मारायची काठी आणली, आणि प्रत्येक जण हात हातात घेऊन असा काही बघायचा, की आपण गावी चाललोय की त्याहून वर, हेच गणपतरावांना कळेना.

शेवटी ते अप्पांकडे गेले. "अप्पानू, माझो व्हय परत घेवा."

"देवापुढचो व्हय असो परत येता काय?" अप्पा डाफरले. "दुसरा गाऱ्हाणा घालीपर्यंत तोच हुकूम."

दुसरं गाऱ्हाणं! इथे गणपतरावांनी बाकावर थाप मारली आणि गोखले दचकले.

निघायचा दिवस. दारात टेंपो उभा, सामान चढवलेलं, चाळ गोळा झालेली, सुशांतच्या हातात खोलीचं नवीन कुलूप. आणि अशा वेळी गणपतराव ताठ उभे राहिले आणि त्यांनी आवाज टाकला. पुलावरची वाहतूक थांबली. मसाला कुटायच्या गिरण्या थांबल्या. टेंपोवाल्याने टोपी काढली.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" चाळ सवयीने गरजली.

"ही खोली म्हाताऱ्याची आणि म्हातारयेची. तेंका हयसून कोण हलवूचो नाय!"

"व्हय महाराजा!"

"गावाक जातले ते मे महिन्यात, आंबे खावक. आंबे सरले की परत येतले!"

"व्हय महाराजा!"

"कॅमेरे आजच्या आज काढतले! खुर्ची वानराक दिली!"

"व्हय महाराजा!" हा आवाज सुशांतचा होता. ठाण्याला राहिला, कंप्युटरवर बसला, तरी तोंड लालबागचंच. त्याच्याहून मोठ्याने आकांक्षा ओरडली. लग्नानंतर तिला मालवणी म्हणून एवढंच शिकवलेलं होतं.

मग सुशांत भानावर आला. "पप्पा, हे चीटिंग आहे!"

"देवापुढे चीटिंग म्हणतंस?" अप्पांनी त्याला तिथेच गप्प केलं. "झाला. देवान आयकल्यान. सामान उतरवा."

"आणि तेवढ्यात," गणपतराव गोखल्यांच्या कानाशी वाकले, "तसबिरीवरचं उजवं फूल खाली पडलं. म्हणजे देवाचा कौल! मग दुसरं पडलं. मग अख्खा हार. पखवाज संध्याकाळच्या आत माझ्या मांडीवर परत."

गोखले थक्क झाले होते. "पण गणपतराव, मुलगा समोर, सून समोर, अख्खी चाळ समोर, आणि तुम्ही एकट्याने असं गाऱ्हाणं घातलंत? काय हो धीर तुमचा!"

"धीर कसला त्यात! छाती काढून उभा राहिलो आणि..."

"खोटा!"

आतला देठ खुडायचा आवाज थांबला होता. शेवंतीबाई मूठभर मिरच्यांसकट दारात उभ्या होत्या.

"गोखलेभाऊ, गाऱ्हाणा मी घातलंय. तेव्हा ह्यो खय होतो म्हायत आसा? टेंपोत. पुढच्या सीटवर जावन बसलो होतो, खिडकीची जागा जायत म्हणान!"

गोखल्यांनी गणपतरावांकडे पाहिलं. गणपतराव बाकावरची भेट आलेली बॅटरी उचलून ती लागते का ते तपासू लागले.

"आणि थयसून मान भायर काढून काय वरडत होतास, ता सांग आता तेंका," शेवंतीबाई म्हणाल्या.

गणपतरावांनी बॅटरी बाजूला ठेवली.

"व्हय महाराजा," ते म्हणाले.